आवळायचं किती?

चाकाचा नट सैल राहिला तर काय होतं, हे कुणाला सांगावं लागत नाही. तो गरजेपेक्षा जास्त आवळला गेला तर काय होतं, हे मात्र गाडी चालवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं, कारण ते त्या दिवशी दिसत नाही. स्टड ताणला जातो. नट कमीजास्त कसले गेले असतील तर ब्रेकची डिस्क किंचित वाकते आणि ब्रेक दाबला की पायाखाली थरथर जाणवू लागते. मग एखाद्या दुपारी आडरस्त्यावर पंक्चर होतं, घरचा माणूस व्हील पान्यावर सगळं अंग टाकतो आणि नट काही हलत नाही. दोष गंजाला दिला जातो. गंजाचा तो पुष्कळदा नसतोच. या पुस्तिकेचा विषय आहे हे जास्तीचं आवळणं, आणि त्याला मापात आणणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच.

जळगाव जामोदमध्ये बसून असल्या विषयावर लिहायचं कारण साधं आहे. आपलं गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. रेल्वे धरायची तर नांदुरा गाठा, महामार्गही तिकडेच. कंपनीचं वर्कशॉप पाहिजे तर खामगाव किंवा अकोल्याची वाट धरा, गाडी सकाळी टाका आणि दिवसभर तिथल्या बाकड्यावर बसून राहा. पुण्या-मुंबईत स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करणं हा शौक असेल. इथे ती सोय आहे. ऑइल बदलणं, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, बॅटरी, चाकांची अदलाबदल एवढी कामं अंगणात, लिंबाच्या सावलीत होऊ शकतात आणि पुष्कळ घरांत होतातही. पाने आहेत, जॅक आहे, हौस आहे, मोबाइलवर दाखवणारेही हजार आहेत. नसतं ते एवढंच: बोल्ट कुठे थांबवायचा याचं माप.

ते माप आजवर हातात होतं, आणि त्या हाताची टिंगल करण्याचा माझा इरादा नाही. आमच्या भागातल्या मिस्त्री लोकांचे हात जीपवर आणि अँबेसेडरवर तयार झाले. अँबेसेडरचा ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं. बिडाच्या आट्यांत पोलादी बोल्ट चार आणे जास्त कसला तरी धातू तक्रार करत नसे. जुन्या विलीज जीपच्या डाव्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असत. ते न ओळखता सोडवायच्या नादात कसत नेऊन स्टड तोडणारे नवशिके होतेच, पण मुरलेल्या माणसाला बोट लावताच कळायचं. अशा हातांनी कित्येक वर्षं गाड्या चालत्या ठेवल्या. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ब्लॉक बिडाचाच होता, पण हेड अ‍ॅल्युमिनियमचं. नंतरच्या कित्येक इंजिनांत ब्लॉकसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचा झाला. धातू बदलला, हात तोच राहिला. स्पार्क प्लगचे आटे उपटून आले, मग हेड उतरवून लेथवाल्याकडे न्या, बुश मारा किंवा हेलिकॉइल बसवा, आणि गॅस्केटचा खर्च वेगळा, ही कहाणी तेव्हापासून गावोगाव ऐकू येते. प्लग कसायला लागतं किती? त्याच्या आट्यांच्या मापानुसार दहापासून तीसएक न्यूटन-मीटरपर्यंत. एवढं तर मनगट सहज देऊन जातं, दंडाची गरजच पडत नाही. पण बिडावर शिकलेला हात दंड लावल्याशिवाय समाधान पावत नाही. शेजारी उभा असलेलाही म्हणतोच, ‘कस बे, अजून कस.’

नट-बोल्ट नेमकं काय काम करतो, हे इथे दोन परिच्छेद थांबून बघायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईची गाठ बांधताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ते लवकर उमगेल. प्रेसमध्ये रुई दाबतात, दाबलेली असतानाच पट्ट्या बांधतात, आणि प्रेस उघडला की रुई फुगायला बघते. पट्ट्या ताणल्या जातात, आणि त्या ताणावर १७० किलोची गाठ एकसंध राहते. बोल्टचंही असंच, फक्त भूमिका उलट्या. इथे धातूचे दोन भाग दडस असतात आणि लवचीक असतो तो बोल्ट. नट फिरवला की बोल्ट एक-दोन केसांच्या जाडीएवढा लांबतो, पुन्हा आखडायला बघतो, आणि त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. चाक नटांवर टांगलेलं नसतं. ते हबवर दाबून धरलेलं असतं, आणि गाडीचा भार त्या दाबातून आलेलं घर्षण पेलतं. ओढ कमी पडली तर चाक हबवर सूक्ष्म सरकत राहतं आणि स्टड वाकून-वाकून थकतो. ओढ जास्त झाली तर बोल्ट लवचीकपणाची हद्द ओलांडतो, कायमचा लांब होतो, आणि मग त्याच्यात ओढ धरायची ताकदच उरत नाही. म्हणजे फार कसलेला बोल्ट हाही शेवटी सैलच बोल्ट.

आपल्याला खरं तर ही ओढ मोजायची आहे. पण अंगणात ती मोजता येत नाही, म्हणून आपण नट फिरवायला लागणारा पीळ मोजतो. गोम इथेच आहे. आपण लावलेल्या पिळापैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाखालच्या घर्षणात खपतो, आणखी चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. घर्षण थोडं बदललं की हा उरलेला हिस्सा कितीतरी बदलतो. १२ मिलिमीटरचा, ८.८ ग्रेडचा, बारीक आट्यांचा बोल्ट घ्या. आटे कोरडे आणि स्वच्छ असताना १०० न्यूटन-मीटर लावले तर त्याच्यात सव्वाचार टनांच्या आसपास ओढ तयार होते. तोच बोल्ट, तोच १०० चा आकडा, पण आट्यांना तेल-ग्रीस लावलेलं, तर ओढ साडेपाच टनांच्या पुढे जाते. त्या बोल्टची लवचीकपणाची हद्द सहा टनांच्या जवळ आहे. याचा अर्थ, भलेपणाने लावलेल्या ग्रीसच्या बोटाने तो जवळपास कड्यावर नेऊन ठेवला.

उलट बाजूचं उदाहरण आपल्या काळ्या मातीचं. पावसाळ्यात शेतरस्त्याने गाडी नेली की चिखल स्टडच्या आट्यांत जाऊन बसतो, उन्हाळ्यात त्याचा दगड होतो. त्यावरून नट चढवला तर घर्षण एवढं वाढतं, की पाना माप पूर्ण झाल्याचं सांगतो आणि चाक मात्र पुरतं दाबलेलंच नसतं. म्हणून माझं मत असं, की टॉर्क रेंचच्या आधी दहा-वीस रुपयांचा तारेचा ब्रश घ्या. घाणेरड्या आट्यांवर महागडा टॉर्क रेंच चालवण्यापेक्षा स्वच्छ आट्यांवर साधा पाना शंभरदा बरा. चाकाच्या स्टडला ग्रीस लावावं की नाही, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर भांडणं होतात. गाडीच्या पुस्तकात लावा असं लिहिलं असेल तर लावावं, नसेल तर लावू नये, कारण पुस्तकातला आकडा त्या-त्या अवस्थेसाठी ठरवलेला असतो.

भेंडवळची घटमांडणी आपल्याच तालुक्यातली. अक्षय्य तृतीयेला घट मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे सांगितलेला पावसापाण्याचा अंदाज ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात. अंदाजाशी या तालुक्याचं वैर नाही, हे सांगायला ही आठवण. पण पावसाचं माप आपल्या हातात नाही, नटाचं आहे.

आता हिशेब. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगलं तर नटावर ९८ न्यूटन-मीटर पीळ येतो. छोट्या मोटारींच्या चाकांचे नट सर्वसाधारणपणे ८५ ते ११० च्या दरम्यान कसायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो आणि शेवटचा शब्द त्याचाच. गाडीसोबत मिळणारा व्हील पाना साधारण फूटभर लांब असतो. सत्तर किलोचा माणूस त्याच्या टोकावर उभा राहिला की नटावर दोनशेच्या वर पीळ जातो, म्हणजे सांगितल्याच्या दुप्पट. त्यात पान्यावर उड्या मारणारे आहेत. पान्यात मीटरभर पाइप घालून ओढणाऱ्यांची तर वेगळी जात आहे. साठ किलोचा जोर दिला तरी ते सहाशेच्या जवळ जातात. सहाशे हा बस-ट्रकच्या चाकांचा आकडा आहे. आगारात तो योग्य असेल, आपल्या हॅचबॅकला नव्हे. टायरच्या दुकानातली हवेची बंदूकही बेभरवशाची. तिच्या चालवणाऱ्याला घाई असते आणि ती किती कसते ते हवेचा दाब ठरवतो. अशा दुकानातून आल्यावर घरी नट एकेक करून सैल करावा आणि मापाने पुन्हा कसावा. दुकानदाराला राग येतो म्हणून त्याच्यासमोर करू नये, एवढंच.

एककांचा गोंधळ मोठा आहे आणि तो पुस्तिकेत वारंवार येईल. बाजारातल्या पुष्कळ पान्यांवर एका बाजूला न्यूटन-मीटर आणि दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड असतात, आणि जुन्या गाड्यांच्या पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर. एक फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर, एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८. पुस्तकात ८५ न्यूटन-मीटर लिहिलं आहे आणि आपण पाना उलट बाजूने वाचून ८५ फूट-पाउंडवर लावला, तर नटावर ११५ गेले. चाकाचा नट हे एक वेळ सोसेल. ऑइल चेंबरचा ड्रेन बोल्ट कदाचित सोसणार नाही, आणि प्लग तर नाहीच.

पाइपांच्या जोडांवरचे बोल्ट जास्त कसले जाऊन जोड बिघडू नयेत म्हणून न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनराड बार नावाच्या माणसाने असा पाना पहिल्यांदा वापरला, असं सांगितलं जातं. पेटंटसाठी पहिला अर्ज मात्र १९३१ मध्ये जॉन शार्प याने केला. म्हणजे मोटारीच्या पोटातून नव्हे, नळाच्या कामातून ही वस्तू आली. मोटार कारखान्यांनी ती उचलली, आणि कुर्ल्याच्या प्रीमियरपासून पिंपरी-आकुर्डीपर्यंत आपल्याकडची कारखानदारी वाढत गेली तशी ती कामगारांच्या हातात आली. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या टपारिया टूल्सचे पाने आज खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातही दिसतात. त्याच दुकानात टॉर्क रेंच मागा, बहुधा मागवून द्यावा लागेल असं उत्तर येईल.

पान्याचे प्रकार पुस्तिकेत सविस्तर आहेत. इथे निवडीपुरतं सांगतो. काट्याचा पाना, म्हणजे पट्टीवर काटा सरकणारा, दिसायला गरीब पण बिघडायला त्याच्यात काही नसतं. काटा शून्यावर नसेल तर वाकवून शून्यावर आणा, झालं. वाकून काटा वाचणं तेवढं जाचक. टक् आवाज करणारा पाना सोयीचा, म्हणून तोच जास्त खपतो. त्याच्या मुठीत स्प्रिंग असते, मूठ फिरवून आकडा लावायचा, तेवढा पीळ आला की आतला खटका सुटतो आणि हाताला धक्का जाणवतो. डिजिटलची घरकामाला गरज नाही असं मला वाटतं. दोन-तीन हजारांत अर्धा इंची ड्राइव्हचा, दोनशेच्या आसपास जाणारा चांगला पाना मिळतो आणि चाकांना तो पुरतो. मात्र त्याच पान्याने प्लग कसू नये. पाना आपल्या कमाल आकड्याच्या पाचव्या हिश्शाच्या खाली भरवशाचा नसतो. प्लगला आणि बारीक बोल्टला लहान पाना वेगळा घ्यावा किंवा शेजाऱ्याचा मागावा.

चाक बसवण्याचं प्रकरण पुस्तिकेत चित्रांसह आहे, तरी एक चाक इथे बसवून दाखवतो. आटे ब्रशने घासले, हबचं तोंड पुसलं, चाक चढवलं. प्रत्येक नट आधी बोटांनी दोन-तीन आटे चढवायचा. पहिलाच फेरा पान्याने दिला की आटे तिरके बसतात. मग साध्या पान्याने टेकवायचे, पण ओळीने नाही. चार नट असतील तर समोरासमोर, पाच असतील तर एक सोडून एक. आता टॉर्क रेंच निम्म्या मापावर लावून एक फेरी. जॅक उतरवून टायर जमिनीला टेकला, चाक फिरेनासं झालं, की पूर्ण माप. मूठ मधोमध धरायची, जोर सलग द्यायचा, हिसका नाही. टक् झालं की थांबायचं. खात्री म्हणून पुन्हा टक्, परत टक्, असं करणारे दर वेळी थोडं-थोडं पुढे नेत असतात. दुसरी एक खूण लक्षात ठेवावी. शेवटच्या फेरीत नट जरासुद्धा न हलता पाना टक् म्हणाला, तर आनंद मानू नये. नट आधीच मापापुढे गेलेला असू शकतो, तो सोडवून पुन्हा कसावा. सातपुड्यातून घाट उतरून आलेल्या गाडीचे हब तापलेले असतात, त्यांना हात लावायच्या आधी गार होऊ द्यावं. आणि चाक काढून बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर मापाने पुन्हा तपासावं, कारण रंगाचा, गंजाचा थर दबून ओढ थोडी उतरते. शेगावला दर्शनाला जाऊन आलं की तेवढं अंतर होतं.

पाना स्वतः खरा आहे कशावरून, हा प्रश्न शहाण्या वाचकाने विचारायलाच हवा. आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे दहा न्यूटन-मीटरवरच्या टक् पान्यात चार टक्क्यांपर्यंत चूक चालते, आणि वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर तो तपासून घ्यावा लागतो. प्रयोगशाळा आहेत, पण संभाजीनगर, पुणे, नाशिक, नागपूर अशा ठिकाणी. घरकामाला एक गावठी तपासणी पुरेशी आहे. बाजारात वापरलं जाणारं वीस किलोचं वजन वैधमापन खात्याचा शिक्का घेऊन आलेलं असतं. ओळखीच्या अडत्याकडून ते तासाभरासाठी मागून आणा. पान्याचा चौकोनी ड्राइव्ह व्हाइसमध्ये पकडा, पाना आडवा ठेवा, ड्राइव्हच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ते ४० सेंटिमीटर भरलं तर तिथे टांगलेलं वीस किलो ७८.५ न्यूटन-मीटर देतं, आणि पान्याचं स्वतःचं वजन त्यात दोन-तीनाची भर घालतं. आकडा नव्वदवर लावून वजन हळूच सोडा, टक् होऊ नये. वजन उचला, आकडा थोडा उतरवा, पुन्हा सोडा. ज्या आकड्याला पहिलं टक् होईल तो ८१ च्या आसपास असला तर पाना चाकांसाठी खुशाल वापरा. तो सत्तरवर गेला किंवा नव्वदवरच टक् झालं तर पाना दुकानदाराला परत करा. वजन खाली पायावर पडणार नाही एवढं बघा.

पान्याची निगा दोन ओळींची आहे. काम झालं की मूठ पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवावी, म्हणजे स्प्रिंग दाबलेली राहत नाही. त्याहून खाली मात्र फिरवू नये. आणि या पान्याने नट सोडवायचे नाहीत, त्यासाठी टॉमी आणि गोटी पाना आहेच. टॉर्क रेंचचा हातोडा झालेला मी पाहिला आहे. मालकाचं नाव सांगत नाही.

काही कामं या पुस्तिकेत मुद्दाम घेतलेली नाहीत. हेडचे बोल्ट त्यांपैकी पहिले. आजच्या पुष्कळ इंजिनांत ते आधी ठरावीक मापाने आणि मग ठरावीक अंशात फिरवून कसतात, मुद्दाम हद्दीपर्यंत ताणतात, आणि एकदा काढले की नवेच घालावे लागतात. तिथे नुसता टॉर्क रेंच पुरत नाही. स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि एअरबॅगशी संबंधित बोल्टही जाणत्या माणसाकडे न्यावेत. चाकं, प्लग, ड्रेन बोल्ट, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट आणि बॅटरीची टोकं एवढ्यावरच इथे लिहिलं आहे. त्यातही कॅलिपरचं काम पहिल्या खेपेला मिस्त्रीला शेजारी उभं करूनच करावं.

प्रत्येक गाडीचे आकडे मी छापलेले नाहीत. एकाच नावाच्या गाडीचे आकडे इंजिन आणि साल बदललं की बदलतात, आणि छापील आकडा चुकला तर त्याची किंमत वाचक मोजतो. म्हणून शेवटची चार पानं कोरी ठेवली आहेत. आपल्या गाडीच्या पुस्तकातून किंवा कंपनीच्या वर्कशॉपमधून विचारून आकडे तिथे लिहून घ्यावेत: बोल्ट कोणता, माप किती, आटे कोरडे की तेल लावलेले, आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक. पेन्सिलीने लिहावं, गाडी बदलली की खोडता येतं.